चर्चा करावी

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कागद खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी डोळ्यांशी धरून वाचला. छापील सातबारा होता. क्यूआर कोड होता, आणि डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे सही-शिक्क्याची आवश्यकता नाही अशी एक ओळ होती. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"आवश्यकता नाही म्हणं," ते म्हणाले. "मग चुकलं तर धरायचं कुणाला?"

आणि चुकलं तर होतंच. आईच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आज्जाची, पंचगंगेच्या काठच्या एका गावात दीड एकर उसाची जमीन आहे. १९८६ ला आज्जा गेला. वारस तिघं, दोन मामा आणि आई. त्या जमिनीतून आईला वर्षाला गुळाचे दोन रवे आणि दिवाळीला पोतंभर तांदूळ याहून जास्त काही आलं नाही आणि तिनं मागितलंही नाही. यंदा धाकट्या मामानंच विषय काढला. "आक्का, हातपाय चालतायत तोवर वाटणी करून टाकूया. तुझं ते तुला." म्हणून उतारा काढला, तर त्यावर दोघा भावांची नावं. आक्काचा पत्ता नाही.

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना लोकप्रशासन शिकवते. चौदा वर्षं झाली. आप्पा महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आमच्या घराण्यात सरकारी पगारपावती आलेला पहिला माणूस. म्हणजे एका घरात प्रशासन शिकवणारी मी आणि प्रशासन केलेले ते, आणि दोघांनाही त्या कागदासमोर काही सुचेना. माझ्या विषयाची याहून चांगली परीक्षा कुणी घेतली नव्हती.

वर्गात मी दरवर्षी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे पारंपरिक विचार, उजवीकडे आधुनिक. डावीकडे वुड्रो विल्सन, १८८७: राजकारण वेगळं, प्रशासन वेगळं. धोरण ठरवणारे ठरवतील, राबवणाऱ्यानं मुकाट राबवावं. मग मॅक्स वेबर, त्याची उतरंड, लेखी नियम, फाईल आणि पगारी, निःपक्ष नोकर. मग टेलर, फेयॉल, आणि १९३७ साली गुलिकनं नियोजनापासून अंदाजपत्रकापर्यंतच्या सात कामांच्या आद्याक्षरांतून जुळवलेला तो 'पोस्डकॉर्ब' शब्द. मुलं तो कुलदैवताच्या नावासारखा घोकतात. उजवीकडे हर्बर्ट सायमन, मिनोब्रुकची परिषद, नवे लोकव्यवस्थापन, सुशासन, ई-गव्हर्नन्स. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फरक. मुलं वहीत उतरवून घेतात, मी डस्टर फिरवते, चहाची वेळ झालेली असते.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. आमच्याकडच्या पोरी बोलतात तशीच बोलली, "मॅडम, मी एक विचारतो. आमच्या गावचा तलाठी डावीकडं येतो का उजवीकडं?"

वर्ग हसला. मला मात्र उत्तर देता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात मी दोनदा तलाठी कार्यालयाच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून आले होते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण बाकड्यावरची माणसं अजून तलाठीच म्हणतात. आत संगणक, प्रिंटर, भिंतीवर सेवांची यादी आणि प्रत्येक सेवेपुढे दिवस. आणि टेबलामागचा तरुण मुलगा हात जोडून सांगत होता, "ताई, सकाळपासून सर्व्हरच नाही. मी तरी काय करू?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि त्याच्याकडे चार गावांचा कारभार होता.

त्या मुलीचा प्रश्न घरी आणला. तलाठी कुठल्या बाजूला? कोल्हापूरपुरतं बोलायचं तर या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो माझ्या पाठ्यपुस्तकात नाही.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात कुलकर्णी वतनं खालसा करून पगारी तलाठी नेमले. मी ही ओळ इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लहानपणापासून पाठ केली होती. प्रशासनाच्या तासाला ती कधी घेतली नाही, कारण ती 'सामाजिक सुधारणा' या धड्यातली. पण जरा थांबून बघा काय झालं ते. कुलकर्ण्याचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असायचं. गावच्या जमिनीची सगळी विद्या त्याच्या वाड्यातल्या पेटीत, आणि पेटी बापाकडून लेकाकडे. हे पद म्हणजे नोकरी नव्हती, मालमत्ता होती. वतनदार हे राज्याचे भाऊबंद होऊन बसतात, ही तक्रार याच मुलखातल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच येऊन गेली आहे. दोनशे वर्षांनी ती पेटी घरातून निघाली आणि चावडीत आली. लिहिणारा बदलता येऊ लागला. त्याला पगार, त्याची बदली, त्याच्यावर वरिष्ठ.

वेबर हेच म्हणतो. कचेरी घरापासून वेगळी हवी, पद वारशानं मिळू नये, नोकराला ठरलेला पगार हवा. त्याचा तो मोठा ग्रंथ छापून निघाला त्याच्या मृत्यूनंतर, १९२१-२२ मध्ये. करवीरच्या चावडीत तोवर तलाठी बसलेला होता. कुणी कुणाचं वाचलं नव्हतं. दुखणं सारखं असलं की औषधही सारखं सुचतं, इतकंच.

म्हणजे ज्याला मी फळ्यावर 'पारंपरिक' म्हणते, ते आमच्या गावात आलं तेव्हा क्रांती होती. आणि ती आणणारा माणूस वेबरच्याच वर्गवारीत 'पारंपरिक' ठरणारा, गादीवर बसलेला राजा. परंपरेनं मिळालेला अधिकार वापरून परंपरेची पेटी उघडणारा. याला कुठल्या रकान्यात घालायचं?

२६ जुलै १९०२ चा करवीर गॅझेटातला आदेश तर मी आता वर्गात वाचूनच दाखवते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांना, हे सगळ्यांना ठाऊक असतं. महाराज तेव्हा विलायतेत होते, हेही काहींना माहीत असतं. पण आदेशाच्या शेवटी एक कलम आहे, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचा अहवाल प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी सादर करावा. आप्पांना हे दाखवलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. "हा खरा कारभारी," म्हणाले. "हुकूम कुणीबी सोडतंय. तिमाही विवरणपत्र मागणारा पाहिजे."

महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० एकाच जातीकडे होत्या. विल्सनचं म्हणणं अशा ठिकाणी कसं लावायचं? राबवणारा मुकाट राबवील, हे ठीक. पण राबवणारे सगळे एकाच आळीतले असले तर त्यांचं मुकाटपणही एकाच दिशेचं असतं. 'प्रातिनिधिक नोकरशाही' हा शब्द पुस्तकात आला १९४४ साली, किंग्जलेच्या नावानं, इंग्लंडच्या संदर्भात. मी मुलांना अजून तोच सांगत होते. लाज वाटली.

एवढं सगळं आप्पांना कौतुकानं सांगितलं की ते सुखावतील असं मला वाटलं होतं. पण आप्पा फाईलचे भक्त असले तरी आंधळे भक्त नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला 'चर्चा करावी'ची गोष्ट सांगितली.

फाईल खालून वर जाते. कारकून टिपणी लिहितो, अव्वल कारकून शेरा मारतो, नायब तहसीलदार, तहसीलदार, आणि तशीच वर. नियम स्पष्ट असेल तर काम होतं. पण निर्णय घ्यायचा नसेल तर साहेब समासात दोन शब्द लिहितात: चर्चा करावी. फाईल खाली येते. आता चर्चा करायला साहेबांची वेळ मिळायला हवी. ती मिळत नाही. फाईल निर्णयाविना मरते आणि कुणी नाही म्हटलं असंही होत नाही. दुसरा शेरा याहून गोड: नियमानुसार कार्यवाही करावी. जणू आजवर कुणी नियम सोडून करणार होतं!

"मीही लिहिलंय," आप्पा म्हणाले. "एका बाईची फाईल होती. नवऱ्यामागं नाव लावायचं होतं. दीर पुढारी. साहेबांनी डोळ्यांनी सांगितलं आणि मी टिपणीतच लिहिलं, सदर प्रकरणी चर्चा होणे आवश्यक. सात महिने." ते थोडा वेळ गप्प राहिले. "पण खाली माझी सही होती. तारीख होती. नंतरच्या साहेबानं मला समोर उभं करून विचारलं, हे का लिहिलं? मला उत्तर नव्हतं. त्या बाईचं काम तिथंच, त्याच दिवशी झालं."

या प्रसंगात वेबरचं सगळं वैभव आहे आणि सगळी घाणही. नियम ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी असतो. पुढाऱ्याला नियमाची गरज नसते, त्याला फोन असतो. विधवेला फक्त नियम असतो. म्हणून फाईलला नावं ठेवताना मला आता जपून बोलावंसं वाटतं. आणि त्याच नियमाची चादर करून तिच्याखाली माणसं झोपतात, हेही आप्पांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सायमननं १९४६ मध्ये जुन्या तत्त्वांची टर उडवली ती म्हणींची उपमा देऊन: प्रत्येक तत्त्वाला तितकंच खरं वाटणारं उलटं तत्त्व सापडतं. आपल्याकडेही 'चार डोकी एकत्र बसली की काम होतं' आणि 'बारा सुगरणी अन् आमटी अळणी' या दोन्ही म्हणणारी आजी एकच असते.

सुधारणा कुणी केल्याच नाहीत असं नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरी नव्यानं मांडली. अभिलेख निवडून लावले, नको ते नष्ट केले, टेबलांची रचना बदलली. 'लखिना पॅटर्न' हे शब्द आप्पा आजही देवळातून आल्यासारखे उच्चारतात. त्यांच्या टेबलाजवळ सहा गठ्ठे असत आणि प्रत्येक कागदाला माहीत असे की आपण कायमचे की तीस वर्षांचे की वर्षभराचे. टेलरनं १९११ मध्ये कारखान्यातल्या कामाच्या शास्त्रीय आखणीबद्दल जे सांगितलं ते रुमालात बांधलेल्या दप्तराला लावलं की असं दिसतं. पुढं २००५ मध्ये बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आला, सर्वसाधारणपणे फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांवर राहू नये असं सांगणारा. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. कागदावर 'चर्चा करावी'चे दिवस भरले.

मग मी आईच्या नावाची तक्रार ऑनलाइन केली. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर संदेश: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. उघडून बघितलं. हिरव्या चौकटीत लिहिलेलं, 'संबंधित कार्यालयास पुढील कार्यवाहीसाठी पाठविले.' म्हणजे काहीच झालं नव्हतं, पण निकाल लागला होता. कुठल्या तरी बैठकीत, कुठल्या तरी पडद्यावर, प्रलंबितचा आकडा एकानं कमी झाला असणार.

आप्पांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदा खाली सही शोधली. मग तारखेशेजारी नाव शोधलं. नव्हतं. "कुणी काढली निकाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सिस्टीमनं. "त्याला समोर उभं करता येतं का?"

हेच माझं उत्तर असावं, त्या मुलीला द्यायचं. डावं-उजवं सालावरून ठरत नाही आणि संगणकावरूनही नाही. जुन्या कचेरीत काम अडवणाऱ्याला निदान सही करून अडवावं लागायचं. नव्या कचेरीत आकडा खाली आणला की काम झालं असं धरतात, आणि आकड्याला कान नसतात धरायला.

आकड्यांची ही पद्धत आकाशातून पडली नाही. १९९१ मध्ये क्रिस्टोफर हूडनं तिला 'नवे लोकव्यवस्थापन' असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी ऑस्बर्न आणि गेब्लर यांनी सांगितलं की सरकारनं वल्ही मारू नयेत, सुकाणू धरावं. नागरिकाला ग्राहक समजा, कामं ठेक्यानं द्या, निकाल मोजा. वर्गात हे शिकवताना मला उदाहरण शोधावं लागत नाही. कोल्हापुरात शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर झाले आणि तीस वर्षांच्या करारानं शहराच्या वेशींवर टोलनाके उभे राहिले. मग काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्यामागं तालमीतली पोरं, भाजीवाल्या, वकील, रिक्षावाले. २०१५ सरता सरता टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. भांडण पैशाचं होतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. रस्त्यावर खड्डा पडला तर नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला चार शब्द सुनवायचे, हा इथला हक्क आहे. करारात तो कुठंच नव्हता. ग्राहकाला दुकान बदलता येतं. आम्ही काय शहर बदलायचं? डेनहार्ट पती-पत्नींनी २००० मध्ये लिहिलं की सुकाणू धरण्यापेक्षा सेवा करा, नागरिकाला नागरिक समजा. ते मी मुलांना एका वाक्यात सांगते. टोल नाक्याची आठवण ज्यांना आहे त्यांना जास्त सांगावं लागत नाही.

पण नव्याच्या नावानं सरसकट बोटं मोडणंही खरं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेलं, तेव्हा दर तासाची पातळी आम्हाला मोबाईलवर कळत होती. आज्जाच्या काळात शिवाजी पुलावर जाऊन मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या खुणेला टेकलं का, ते बघून यायचे. त्या दिवसांत उतरंडही आपोआप मोडली होती. फेयॉलनं सांगितलेलं, की तातडीच्या वेळी बरोबरीच्या दोन नोकरांनी वरून खाली न जाता आडवी फळी टाकून एकमेकांशी बोलावं, ते मी नावेत बघितलं: तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील एकाच नावेत, आणि कुणाची परवानगी कुणी घेतली ते अजून कुणाला माहीत नाही. पाणी उतरल्यावर पंचनाम्यासाठी मात्र पुन्हा तीन प्रतींत अर्ज.

आईचं नाव कसं गळलं ते शेवटी अभिलेख कक्षात कळलं. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना चुका राहिल्या, हे सरकारलाही ठाऊक होतं. म्हणून २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्यानं वाचायचा आणि कुणाची हरकत असेल तर ती घ्यायची. नव्याची चूक पकडायला सगळ्यात जुनी पद्धत. मला ती कल्पना फार आवडते. पण त्या दिवशी मोठा मामा पाणी पाजायला शेतात होता आणि आई कोल्हापुरात. उतारा वाचला गेला. ऐकणारं आमचं कुणी नव्हतं.

रुमाल सोडून कर्मचाऱ्यानं १९८७ च्या फेरफाराचं पान काढलं तेव्हा त्याच्या कडा हाताला लागून झडत होत्या. निळी-काळी शाई, रेघ ओढून घेतलेले रकाने, 'मयत', 'वारस', मुलगा, मुलगा, मुलगी. शेजारी मंडल अधिकाऱ्याची नोंद प्रमाणित केल्याची सही. आईचं नाव होतं. मात्र लग्नाला दहा वर्षं झालेली असूनही तलाठ्यानं तिचं माहेरचं नाव लिहिलं होतं. तिचं, आज्जाचं आणि माहेरचं आडनाव. आधार कार्डावर ती दुसरीच बाई आहे. संगणकावर चढवणाऱ्यानं ते नाव का सोडलं, कुणास ठाऊक. तिथं त्याचीही सही नाही.

आता जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज केला आहे. त्याला नक्कल जोडली, मामांची संमती जोडली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र राहिलं आहे. आप्पांनी परवा रात्री जेवणं झाल्यावर त्याचा मसुदा केला, फुलस्केपवर, एक तृतीयांश समास सोडून. आईला वाचून दाखवला. सासरचं नाव, मग ऊर्फ, मग माहेरचं नाव.

आई ताटं उचलत होती. ती थांबली. "ऊर्फ कशाला? जमीन माझ्या बाची हाय. तिथं माझं तेच नाव लागूदे. हे पुढचं घराच्या पाटीवर हाय की."

आप्पांनी तिला समजावलं की आधार जुळलं नाही तर आदेश होणार नाही, आदेश झाला नाही तर फेरफार नाही. नियम बरोबर होता. तिनं ऐकून घेतलं, आणि "बघा मग" म्हणून आत गेली.

मसुदा अजून टेबलावर तांब्याखाली दाबून ठेवलेला आहे. आज सकाळी मी बघितला. समासात पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेत. खाली आप्पांची लघुस्वाक्षरी आणि तारीख.